भाजलेल्या कॉफीचं वजन

बेल्जियम. कॉफी. तीन टक्के वाढ.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, गेंटमधल्या कोरेनमार्क्ट चौकाजवळच्या सुपरमार्केटात एक उंच माणूस कॉफीच्या फळीपुढे उभा राहून चोरी करतोय असं मला वाटलं. नीट पाहिल्यावर कळलं की प्रकार उलटा आहे. मागच्या रांगेतली पाकिटं काढून तो पुढे लावत होता. सगळी एकाच खुणेची. न्याय्य व्यापाराची खूण, म्हणजे पिकवणाऱ्याला ठरलेला किमान भाव मिळालाय असं सांगणारी. पुढची सोनेरी, महागडी पाकिटं तो हळूच मागे सरकवत होता आणि प्रत्येक पाकिटाचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवत होता.

त्या दुकानात हे काम मी करते. दर सोमवारी.

"झालं तुमचं?" मी विचारलं.

तो दचकला नाही. हातातलं पाकीट नीट ठेवून मगच वळला. "तुम्ही इथे कामाला आहात?"

"नाही."

"मग मीही नाही."

"खालची फळी राहिली."

"ती नेहमीच राहते. इतकं वाकवत नाही मला."

"सरका."

मी खालची फळी लावली, त्याने वरची. पाचेक मिनिटं आम्ही एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कोणाच्या दुकानात राबलो. तिथली बाई खोक्यांची ट्रॉली ढकलत आली, मला पाहून मान हलवली आणि पुढे गेली. तिला माझी सवय आहे.

"किती वर्षं करताय?" त्याने विचारलं.

"सहा. तुम्ही?"

"घरी चार. परदेशात पहिल्यांदाच." तो जरा विचार करून म्हणाला, "परदेशात बरं पडतं. पकडलं तर भाषा येत नाही म्हणून सांगता येतं."

बाहेर पाऊस होता, पडतोय की नुसता तरंगतोय ते न कळणारा. छत्री दोघांकडेही नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी खाली ओढली, मी माझी ओढली, आणि आम्ही दोन दिशांना गेलो. नाव विचारायचं राहिलं. घरी पोचेपर्यंत मला त्याचं काही वाटलं नाही. पोचल्यावर वाटलं.

मी आकडे जुळवते. या खुणेचं खाणंपिणं युरोपातल्या कुठल्या देशात किती विकलं गेलं, मागच्या वर्षापेक्षा किती वर, किती खाली... याचा एक मोठा तक्ता दर मार्चमध्ये आमच्या गेंटच्या कार्यालयात भरला जातो. एकवीस देशांची माणसं मंगळवारी कागद घेऊन येतात. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तक्ता बंद होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, त्यात वीस शब्द मावतात. जे मावलं नाही ते हे.

स्वित्झर्लंड. केळी. एक टक्का वाढ. शेरा: याहून वाढायला फारशी जागा उरलेली नाही.

मंगळवारी सकाळी तो बैठकीत बसलेला दिसला. समोरच्या पाटीवर फिनलंड लिहिलं होतं. त्याने मला पाहिलं, माझ्या पाटीकडे पाहिलं, आणि मग टेबलावरच्या कॉफीच्या पाकिटाचं तोंड माझ्याकडे वळवून ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही.

बैठक हिल्डे चालवते. ती आमची प्रमुख. बासष्ट वर्षांची, चष्मा केसांत खोवलेला. ती आवाज चढवत नाही, फक्त चष्मा खाली डोळ्यांवर आणते. तेवढं पुरतं.

"आमची केळी ठीक आहेत," स्वित्झर्लंडची उर्सिना म्हणाली. ती दर वर्षी एवढंच म्हणते, पण म्हणताना खुर्चीत जरा उंच होते.

"आमचा चहा घटतोय," ब्रिटनचा ग्विलिम म्हणाला. "खुणेचा दोष नाही. लोक चहाच कमी पितात."

"मग काय पितात?"

"पाणी, बहुतेक. त्यावर खूण लावता येत नाही."

"केळी खा म्हणावं," उर्सिना म्हणाली.

नेदरलँड्समध्ये वाढ होती, पण सगळी मोठ्या दुकानांतली. खुणेचा माल विकणारी छोटी दुकानं, जी स्वयंसेवक बायकांनी चाळीस वर्षं चालवली, ती एकेक करून बंद होत होती. विक्री वाढली म्हणून दुकान बंद. हे वाक्य वीस शब्दांत बसलं. त्याचं काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं.

मग फिनलंड.

तो उभा राहिला. "आर्नी लेहतोवारा. नवीन आहे. रित्वाच्या जागी आलोय." रित्वाने फिनलंडची ओळ एकोणीस वर्षं भरली होती. "कोको तेवढाच. केळी थोडी वर. कॉफी..." तो थांबला. "कॉफी साडेपंधरा टक्के खाली."

फिनलंडमधला माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कॉफी पितो. तिथे कॉफी घटली असं ऐकणं म्हणजे समुद्र मागे हटला असं ऐकणं.

हिल्डेने चष्मा खाली घेतला. "कारण?"

"माहीत नाही," आर्नी म्हणाला. "सहा महिने शोधतोय."

फिनलंड. कॉफी. साडेपंधरा टक्के घट. शेरा:

शेरा त्या दिवशी कोरा राहिला.

संध्याकाळी तो दाराशी उभा होता. "इथे जेवायला काय मिळतं?"

"बटाटे."

"आणि?"

"बटाट्यांवर घालायला सॉस."

आम्ही तळलेल्या बटाट्यांचे दोन कोन घेऊन ग्रासलेई घाटाच्या पायऱ्यांवर बसलो, पाय पाण्याच्या बाजूला सोडून. दगड ओला होता. त्याने स्वतःचा मफलर घडी करून माझ्या बाजूला ठेवला आणि स्वतः ओल्यावर बसला. मी तो उचलून त्याला परत दिला. मग तो दोघांच्या मधे पडून राहिला आणि भिजला.

"दहा टक्क्यांहून जास्त घटली तर आमच्याकडचं कॉफीचं पद बंद," तो म्हणाला. "संचालकांनी आधीच ठरवून ठेवलंय. जूनपासून."

"म्हणजे तू."

"चार माणसांचं कार्यालय आहे. कॉफी म्हणजे मीच."

"मग?"

"तुमच्याकडे एक टेबल रिकामं आहे ना? हिल्डेचं भरतीचं पत्रक पाहिलं मी."

टेबल माझ्याच शेजारचं. आठ महिने रिकामं. मी त्यावर ओला कोट वाळत टाकते.

"आहे," मी म्हटलं. "पण त्यावर माझा कोट बसतो."

"मी कोटाला उठवणार नाही. आम्ही जमवून घेऊ."

एक होडी गेली. त्यातल्या मार्गदर्शकाने काहीतरी सांगितलं आणि भिजलेल्या पर्यटकांनी एकदम आमच्याकडे पाहिलं.

"तुला यायचंय इकडे?" मी विचारलं.

"नाही." तो इतक्या पटकन म्हणाला की त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "म्हणजे... मला तिथलं काम आवडतं. गाव आवडतं. हिवाळासुद्धा आवडतो, हे मी सहसा कोणाला सांगत नाही."

"मग इथे येणं म्हणजे शिक्षाच."

"सोमवारी सहा वाजेपर्यंत तसंच वाटत होतं."

मी सॉसमध्ये बटाटा बुडवला. तो आधीच बुडवलेला होता.

ब्रिटन. चहा. चार टक्के घट.

बुधवारी दुपारी ब्रिटनचं संपवून मी फिनलंडचे कागद पुन्हा काढले. उत्तरेचे देश तपासणं माझं काम, म्हणून तो शेरा माझ्याकडे बाकी होता आणि "माहीत नाही" हा शेरा हिल्डे चालवून घेत नाही.

फिनलंडमध्ये आलेल्या कच्च्या दाण्यांची पोती मागच्या वर्षाइतकीच होती. किंचित जास्त. दाणे आले तेवढेच, विकले गेले साडेपंधरा टक्के कमी. मग उरलेले कुठे आहेत? गोदामांच्या यादीत नव्हते. कोणी बंदरात ओतून दिले नसणार.

भाजल्यावर कॉफीचं वजन घटतं. पाणी उडून जातं. एक किलो भाजलेल्या कॉफीला १.१९ किलो कच्चे दाणे लागतात, असं आम्ही धरतो. तक्त्यात सगळे देश कच्च्या दाण्यांचं वजन देतात, म्हणजे भाजणाऱ्यांकडून आलेल्या आकड्याला १.१९ ने गुणून. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की आमच्या कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नाही. मी शोधलं. खरंच नाही.

मी आर्नीचा आकडा गुणून पाहिला. साडेपंधरा टक्क्यांची घट गेली. अर्धा टक्का वाढ आली.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी जिन्यात जाऊन रित्वाला फोन लावला. ती आता एका तळ्याकाठी राहते आणि बाराव्या घंटीला फोन उचलते.

"१.१९?" ती म्हणाली. "अगं, ते मी डोक्यातच करायचे."

"फाइलीत कुठेच लिहिलं नाहीस?"

"कॉफी करताना पाणी तापवायचं, हे लिहून ठेवतं का कोणी?" मग तिला उमगलं. "अरे देवा. त्याने गुणलं नाही?"

"नाही."

"आणि मला विचारलंही नाही. काही बिघडलं की तो आधी स्वतःलाच धरतो. सांगू का मी त्याला?"

"नको. मी सांगते."

"आजच सांग हं. जेवला नसेल धड."

"सांगते."

परत आले तेव्हा आर्नी समोरच्या टेबलावर होता, माझ्यापासून चार पावलांवर. त्याने मान वर केली आणि भुवया उंचावल्या. "काही सापडलं?"

सांगितलं तर तो हेलसिंकीला परत जाणार, जूनमध्येही तिथेच असणार, आणि माझ्या शेजारी कोट वाळत राहणार. हे मी त्या चार पावलांत मोजलं. मोजणं माझा पेशा आहे, वेळ लागत नाही.

"नाही," मी म्हटलं.

नोकरीत आकड्यांबद्दल मी बोललेलं हे पहिलं खोटं. फार सोपं गेलं.

जर्मनी. चॉकलेट. सहा टक्के वाढ.

गुरुवारी आमच्या गावात बऱ्याच ठिकाणी मांस शिजत नाही. आर्नीने कार्यालयाच्या खानावळीत ताट पाहिलं आणि शेजारच्या जर्मन बाईला विचारलं, "हे सगळं सजावटीचं आहे ना? जेवण मागून येईल?"

"हेच जेवण," मी म्हटलं. "गुरुवार आहे."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"म्हणजे वर्षाला बावन्न." त्याने गाजराचा तुकडा उचलून पाहिला. "जमेल."

तो इथे राहण्याचा हिशेब करत होता. मी माझी गाजरं ताटाच्या कडेला सरकवली.

चारनंतर आम्ही कालव्याकडेच्या कॉफीच्या दुकानात बसलो. त्याने अर्ज लिहायला घेतला. कार्यालयाची भाषा इंग्रजी. त्याची कच्ची, माझी जरा भाजलेली. इथे कॉफीबरोबर बशीत एक छोटं बिस्कीट येतं. त्याने स्वतःचं उचलून माझ्या बशीत ठेवलं. दुसऱ्या कपाच्या वेळीही तेच.

"लाच आहे ही?" मी विचारलं.

"सुरुवात आहे. लाच नंतर मोठी देईन."

"वाच पुढे."

"'माझ्या काळात फिनलंडमधली कॉफीची विक्री साडेपंधरा टक्क्यांनी घटली. जबाबदारी माझी आहे.'"

"हे कशाला लिहिलंस? कोणी विचारलंय?"

"खरं आहे म्हणून."

"अर्जात सगळंच खरं लिहायचं नसतं."

"हे तू म्हणतेस? आकडे जुळवणारी?" तो हसला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "भाषा बघ. मजकूर माझा राहू दे."

मी एक स्वल्पविराम हलवला. वाक्य आता जास्त चांगलं वाचलं जात होतं आणि तितकंच खोटं होतं.

टेबलावर त्याचा फोन थरथरला. रित्वा. त्याने पालथा घातला. "सकाळपासून तिसऱ्यांदा. तिच्या बागेतला बर्फ वितळत नाहीये, ते सांगायचं असतं तिला. परवा घरी जाऊन करेन."

"घे ना," मी म्हटलं. आवाज बारीक आला.

"नको. आत्ता इथे बरं चाललंय."

त्याने अर्ज पाठवला. आम्ही बाहेर आलो, पुलाखालून जाताना पाऊस पुन्हा सुरू झाला. माझ्या चष्म्यावर पाणी आलं. त्याने तो अलगद काढला, मफलरने पुसला, परत डोळ्यांवर ठेवला. मफलर लोकरीचा. काचा आणखी खराब झाल्या.

"आता दिसतं?"

"नाही."

"कितपत नाही?"

"तू आहेस एवढं कळतंय. नाक कुठे आहे ते नाही."

"मग जरा जवळून बघ," तो म्हणाला.

मी पाहिलं. पुलाखाली आम्ही पाऊस थांबायची वाट पाहत होतो असं म्हणता येईल. तो थांबल्यानंतरही बराच वेळ आम्ही तिथे होतो. घरी येताना माझ्या डोक्यात पुलापेक्षा तो स्वल्पविराम जास्त होता, आणि याचा मला राग आला.

फिनलंड. कॉफी.

शुक्रवार, साडेदहा. मी त्याला जिन्यात बोलावलं.

"आर्नी, तुझा आकडा चुकलाय."

"कुठला?"

"कॉफीचा. तू भाजलेल्याचं वजन दिलंस. आम्ही कच्च्याचं धरतो."

तो हुशार आहे. दुसरं वाक्य लागलं नाही. ओठ हलले, गुणाकार झाला. "रित्वा गुणायची."

"डोक्यात."

"म्हणजे घट..."

"नाही. अर्धा टक्का वाढ."

तो पायरीवर बसला. आधी तोंडावर हात धरला, मग हसायला लागला, खांदे हलेपर्यंत. "सहा महिने मी दुकानांत उभा राहून लोकांना विचारत होतो, तुम्ही आमची कॉफी का सोडलीत? ते म्हणायचे, सोडली नाही. मला वाटायचं, लाजतायत. एका आजीने मला घरी नेऊन कपाट उघडून दाखवलं." डोळे पुसून त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. त्याने मानलं असतं.

"बुधवारी. दोन वाजून दहा मिनिटांनी."

हसणं एकदम थांबलं नाही. थोडं पुढे जाऊन थांबलं.

"काल मी अर्ज लिहिला."

"हो."

"तू वाचलास. स्वल्पविराम हलवलास."

"हो."

"पुलाखाली..."

"तेव्हाही माहीत होतं."

तो उठला, जिना उतरला आणि कोट न घेता बाहेर गेला. वरच्या खिडकीतून मला तो दिसला. पुलाकडे नाही, उलट्या बाजूला चालत होता.

दुरुस्तीवर त्या देशाच्या माणसाची सही लागते. सही नसेल तर बारा वाजता जुना आकडा तसाच बंद होतो, आणि बंद तक्ता वर्षभर कोणी उघडत नाही. अकरा वाजले. साडेअकरा. मी दुरुस्तीचा कागद भरून हिल्डेपुढे ठेवला.

तिने वाचला. चष्मा खाली आला. "ही चूक तुला आज सापडली?"

"बुधवारी."

"आणि तू आज शुक्रवारी सांगतेस."

"हो."

"का?"

हिल्डेने माझ्या शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उत्तरेचे देश तुझ्याकडून काढून घेते," ती म्हणाली. "पोर्तुगाल घे. शांत देश आहे."

बाराला दहा मिनिटं असताना दार उघडलं. आर्नीच्या केसांतून पाणी गळत होतं. तो सरळ टेबलाशी आला, सही केली, शाईवर एक थेंब पडला तो टिपून घेतला, आणि माझ्याकडे न बघता जाऊन आपल्या पाटीमागे बसला.

फिनलंड, कॉफी, अर्धा टक्का वाढ. उर्सिनाने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

पोर्तुगाल. सगळं मिळून. फारसा बदल नाही.

चार वाजता मी स्टेशनवर गेले. बोलावलं नव्हतं. तो ब्रुसेल्सच्या गाडीच्या फलाटावर उभा होता, पिशवी दोन पायांमध्ये धरून.

"तू बोलली नसतीस, तर मी इथे आलो असतो," तो म्हणाला. नमस्कार वगैरे काही नाही.

"जूनमध्ये."

"आणि मला कधी कळलं असतं?"

"पुढच्या मार्चमध्ये. तुझं पद बंद झाल्यावर फिनलंडचे कागद थेट माझ्याकडे आले असते. मी गुणलं असतं. एकदम एकोणीस टक्के वाढ दिसली असती. मग सगळ्यांनाच कळलं असतं."

"नसतं गुणलंस तर?"

"तेवढं मला जमलं नसतं."

त्याने हे जरा तपासून पाहिलं. "म्हणजे जून ते मार्च."

"दहा महिने," मी म्हटलं. "तेवढेच मोजले होते मी. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नसतास, हेही धरलं होतं. तरी ते... पुरेसे वाटले."

गाडी येत असल्याचं सांगितलं गेलं, आधी फ्लेमिशमध्ये, मग फ्रेंचमध्ये. तो दोन्ही भाषा संपेपर्यंत थांबला. त्याला एकही येत नाही.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"दिसतंय."

"माझा राग किती टिकतो ते मला माहीत नाही. फारसा कोणावर आलेला नाही."

"ठीक आहे."

"आणि त्या कपाटवाल्या आजीला मी काय सांगू?"

"माफी माग."

"तेच करावं लागणार," तो म्हणाला आणि गाडीत चढला. खिडकीजवळची जागा मिळाली, तरी तो पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. मी हात केला. त्याने केला की नाही, ते मधल्या प्रवाशांमुळे दिसलं नाही.

एप्रिलमध्ये हेलसिंकीहून पत्रक आलं: कॉफीचं पद कायम. खाली चौघांच्या सह्या. त्याची सगळ्यात लहान. मी पोर्तुगालचे कागद लावत होते. हिल्डेने खरं सांगितलं होतं, शांत देश आहे.

केळी. तिसरा मजला.

पत्रकानंतर आठवड्याने हिल्डे माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"फिनलंडहून दुरुस्ती आलीय."

"आकड्यात?"

"अर्जात." चष्मा आधीच डोळ्यांवर होता. तिने वाचलं, "'साडेपंधरा टक्के घट आणि त्याची जबाबदारी हे वाक्य वगळावं, ते खोटं होतं. पद बंद होणार हे कारणही वगळावं, पद चालू आहे. अर्ज मात्र मागे घेत नाही.'" तिने कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "कारणाचा रकाना रिकामा. असा अर्ज मी पुढे पाठवू शकत नाही. फोन करून विचार आणि भर."

"मी? उत्तरेचे देश तर तुम्ही..."

"देश काढले. फोन काढलेला नाही."

ती तिथून हलली नाही. मी फोन लावला.

"लेहतोवारा."

"गेंटहून बोलतेय. अर्जात कारणाचा रकाना रिकामा आहे."

मागे ट्राम गेली. तिकडेही ट्राम आहेत.

"मला वाटलं हिल्डे करेल फोन."

"तिनेच करायला लावला. समोर उभी आहे."

"चष्मा?"

"डोळ्यांवर."

"मग लिहून घे." त्याने श्वास घेतला. "पद चालू आहे. काम आवडतं. कॉफी अर्ध्या टक्क्याने वाढलीय. बर्फ वितळलाय. इथून निघायला एकही कारण सापडत नाही."

"हे न येण्याचं कारण झालं."

"हो ना. मी दोनदा तपासलं. सगळे आकडे इथेच राहा म्हणतात आणि मी तरी अर्ज मागे घेत नाही. आता हे तुझ्यामुळे आहे, एवढंच उरतं. पण ते अर्जाच्या भाषेत कसं लिहितात, मला येत नाही. तुझी इंग्रजी बरी आहे."

माझ्या हातात पेन होतं. कागदही होता.

"आणि राग?" मी विचारलं.

"सतरा दिवस टिकला. अठराव्या दिवशी मी शोधला, तर नव्हता."

"आर्नी... ते दहा महिने. मला पुरले नसते. मोजतानाच माहीत होतं."

पलीकडे फोन बदलून दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला, नीट ऐकायचं असलं की माणसं लावतात तसा. मी हिल्डेकडे पाहिलं.

"शेजारचं टेबल मिळायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं शेजारी बसलात, तर एकमेकांचे आकडे तपासणार कोण? केळ्यांचं रिकामं होतंय. तिसऱ्या मजल्यावर."

"केळ्यांचं टेबल आहे," मी फोनमध्ये सांगितलं. "तिसरा मजला. खिडकी नाही."

"तू कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"मग चालेल," तो म्हणाला. "चालेल म्हणून सांग."

"चालेल म्हणतोय," मी हिल्डेला सांगितलं.

"सप्टेंबरपासून," हिल्डे म्हणाली आणि जायला वळली. मग तिने चष्मा पुन्हा केसांत खोवला. "आणि केळ्यांचं वजन आम्ही सालासकट धरतो. एवढं त्याला आत्ताच सांगून ठेव."